बघत बसलेला माणूस

सुश्रुतच्या तेराव्याला आलेले पाहुणे अजून पुरते पांगलेही नव्हते, तेव्हा तो व्हिडिओ आला.

सुनेत्रा स्वयंपाकघरात नुसती उभी होती. गॅसवरचं दूध वर येताना तिला दिसत होतं, पण हात पुढे होत नव्हता. बाहेरच्या खोलीतून दीनानाथने, तिच्या नवऱ्याने, हाक मारली. "सुनेत्रा, इकडे ये जरा." त्या हाकेत असं काही होतं की तिने गॅस बंद केला आणि ती गेली.

दीनानाथ सोफ्यावर वाकून बसला होता. शेजारी त्याचा चुलतभाऊ माऊली, हातात फोन धरून. "वहिनी, बघवणार नाही तुम्हाला," माऊली म्हणाला आणि फोन तिच्यापुढे धरला.

पाणी होतं. पाण्यात एक होडी, आणि होडीत डोक्याला लाल फडकं गुंडाळलेला एक माणूस, पाठमोरा. होडीपासून थोड्याच अंतरावर पाण्यातून एक हात वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. होडीतला माणूस जागचा हलला नाही. हात तिसऱ्यांदा वर यायच्या आत व्हिडिओ संपला. खाली लिहिलं होतं : 'पवना धरण. तळेगावचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी बुडत असताना बघत बसलेला स्थानिक नावाडी. माणुसकी मेली. प्रत्येक ग्रुपवर पाठवा.'

सुनेत्राने तो पुन्हा लावला. मग पुन्हा. तो हात तिला दिसत होता. त्या हाताची नखं तिने कापली होती, त्या हाताला धरून शाळेत नेलं होतं. हात कुणाचाही असू शकतो, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही.

सुश्रुत तिचा एकुलता एक मुलगा. परीक्षा संपल्यावर मित्रांबरोबर पवनेच्या काठी तंबूत राहायला गेला होता, मे महिन्यात. सकाळी पाण्यात उतरला आणि परत आला नाही. एवढंच सगळ्यांना माहीत होतं. चांगला उंच, धडधाकट मुलगा, सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात पोहायला शिकलेला, गुडघाभर पाण्यातून गेला कसा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तेरा दिवस सुनेत्रा त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होती. आता तिथे कुणीतरी बसलेलं सापडलं. लाल फडकं बांधलेलं.

तिने सुश्रुतच्या मित्राला, सार्थकला, फोन लावला. तो त्या दिवशी तिथे होता.

"होडी होती का रे तिथे?"

"होड्या असतातच काकू तिथे."

"आणि हा माणूस? तो बघत होता?"

"मला नीट दिसलं नाही, काकू," सार्थक म्हणाला. सुनेत्राने ते 'हो' असंच ऐकलं.

माणसाचं नाव शोधायला वेळ लागला नाही. सुश्रुत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला होता. धरणाकाठच्या ठाकरवस्तीतल्या सावळा नावाच्या मच्छीमाराने मृतदेह बाहेर काढला, अशी बातमी. फोटोत त्याच्या खांद्यावर लाल टॉवेल होता. "हाच!" माऊली म्हणाला. "आधी मरू दिलं, मग काढून फोटो काढून घेतला."

त्या संध्याकाळी सुनेत्राने फोन तोंडाशी धरला आणि बोलली. ती भूगोलाची शिक्षिका होती, वीस-बावीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. "मी सुश्रुतची आई बोलतेय," तिने सुरुवात केली. सावळाचं नाव घेतलं, वस्तीचं नाव घेतलं. "माझं लेकरू हात वर करून बोलावत होतं आणि हा बसून बघत होता. त्याला कुणीतरी विचारा, का बघत बसलास?" शेवटी तिला रडू फुटलं आणि तिने ते तसंच राहू दिलं.

तो ऑडिओ व्हिडिओपेक्षा लांब गेला. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर, कारखान्यांच्या शिफ्टच्या ग्रुपवर, पुण्यातल्या भाविकांच्या, ट्रेकवाल्यांच्या, माहेरच्या, सासरच्या. अनोळखी बायका फोन करून रडल्या. एकीने सांगितलं, आमच्या गल्लीत सगळ्यांनी ऐकला. सुनेत्राला बरं वाटलं. दुःखाला वाटेकरी मिळाले की ते हलकं होतं म्हणतात, तसं झालं नाही. ते पेटलं, आणि पेटल्यावर निदान ऊब तरी होती.

रविवारी माऊलीने जीप काढली. सुश्रुतच्या कॉलेजची काही मुलं होती, आणखी चार जण होते ज्यांना सुनेत्राने कधी पाहिलं नव्हतं. "फक्त जाब विचारायचाय," माऊली म्हणाला. दीनानाथने पायात बूट घातले. सुनेत्रा दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "विचारा त्याला."

संध्याकाळी दीनानाथ एकटाच आत आला. माऊली खालूनच गेला होता.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही म्हणाला," दीनानाथ म्हणाला आणि अंघोळीला गेला.

त्या रात्री सुनेत्रा पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मच्छीमाराला मारहाण, डोळ्याला गंभीर इजा, अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा. तिने 'डोळ्याला' हा शब्द वाचला आणि पान उलटलं.

जूनमध्ये शाळा उघडली. सहकारी तिच्याशी हळू आवाजात बोलत. पावसाने नेहमीपेक्षा उशीर केला होता, वर्गात उकडत होतं. एका शनिवारी संगणकाच्या बाईंनी, चैतालीने, नववीच्या मुलांसाठी तास ठेवला होता, फोनवर आलेलं खरं की खोटं हे कसं ओळखायचं यावर. मुलांना सांभाळायला सुनेत्राची नेमणूक होती. चैतालीने दारातच तिला गाठलं. "मॅडम, तुम्ही नाही बसलात तरी चालेल."

"का?"

चैताली संगणकाची वायर जोडायला वळली. सुनेत्रा मागच्या बाकावर जाऊन बसली.

चैतालीने पडद्यावर पुराचा एक फोटो लावला. खाली लिहिलं होतं, पुणे. "हे पुणं आहे का?" मुलं ओरडली, हो. "कशावरून? खाली लिहिलंय म्हणून?" मग तिने मुलांना एकेक गोष्ट बघायला लावली. दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? गाड्यांच्या नंबराची अक्षरं कुठली? झाडं कसली? डोंगर दिसतो का, दिसायला हवा होता का? ऋतू कुठला? "लिहिलेलं झाका आणि नुसतं चित्र बघा," चैताली म्हणाली. "आणि ज्या गोष्टीने खूप राग येतो ना, ती दोनदा तपासा. ती राग यावा म्हणूनच पाठवलेली असते."

डोंगर दिसतो का. झाडं कसली. ऋतू कुठला. हे प्रश्न सुनेत्रा स्वतः वर्षानुवर्षं विचारत आली होती, नकाशे आणि चित्रं दाखवून.

घरी येऊन तिने फोन काढला. खालच्या मजकुरावर अंगठा ठेवला, आवाज बंद केला आणि व्हिडिओ लावला. पाणी काठोकाठ होतं. काठाला सिमेंटचा सरळ कट्टा होता आणि कट्ट्यामागे ताडांची रांग. क्षितिज सपाट होतं, भाकरीसारखं.

मे महिन्यात ती त्या धरणावर गेली होती. तिला दोघींनी धरून नेलं होतं. पाणी पार तळाला गेलं होतं, काठाचा लाल चिखल वाळून तडकलेला, त्यावरून चालताना तिची चप्पल अडकली होती. समोर तिकोना होता, उजवीकडे तुंग. पवनेच्या पाण्याकाठी कुठेही उभं राहा, कुठला ना कुठला गड मान वर काढून असतोच. आणि ताडांची रांग तर तिथे कुणी कधी पाहिलेली नव्हती.

तिला हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने बघितलंच नव्हतं.

सोमवारी तिने तो व्हिडिओ चैतालीपुढे ठेवला. तिने व्हिडिओतली दोन-तीन दृश्यं स्थिर करून काढली आणि तशीच चित्रं इंटरनेटवर आणखी कुठे आहेत ते शोधायला टाकलं. मधली सुट्टी संपायच्या आत सापडलं. दूर दक्षिणेकडच्या कुठल्याशा तळ्यावरचा, काही वर्षांपूर्वीचा. मूळ व्हिडिओ लांब होता. त्यात तो होडीतला माणूस थोडा वेळ बसून राहतो, कारण तो पायाखालचा दोर सोडवत असतो. मग उभा राहून दोर फेकतो, हात तो दोर पकडतो, आणि एक तरुण मुलगा खोकत, ओकत होडीत ओढला जातो. काठावरचे लोक टाळ्या वाजवतात.

"मॅडम, मला तेव्हाच शंका आली होती," चैताली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण तुम्हाला येऊन कसं सांगणार? तुमचा मुलगा गेला होता."

सुनेत्रा पडद्याकडे बघत होती. कुणाचा तरी मुलगा टॉवेल पांघरून कापत बसला होता. वाचलेला.

सार्थकच्या वडिलांचं लोणावळ्याला चिक्कीचं दुकान होतं. ती लोकलने गेली. दुकानात पर्यटकांची झुंबड होती, सार्थक खोकी बांधत होता. तिला बघून त्याच्या हातातली सुतळी सुटली. तो तिला मागच्या बोळात घेऊन गेला, जिथे गूळ उकळल्याचा वास कोंडलेला होता.

"खरं सांग," सुनेत्रा म्हणाली. "काय झालं होतं?"

त्याने भिंतीला पाठ लावली. "आम्ही रात्रभर जागे होतो, काकू. प्यायलो होतो. सुश्रुत पण. सकाळी तो म्हणाला, मी पलीकडे जाऊन दाखवतो. आम्ही चिडवलं त्याला, जा की. काठापासून पुढे चिखल एकदम तुटतो तिथे. तो गेलाच खाली. आम्ही हसत होतो, आम्हाला वाटलं नाटक करतोय."

"आणि तो माणूस?"

"ते लांब जाळं सुकवत होते. आमचा आरडाओरडा ऐकून पळत आले, कपड्यांसकट उडी मारली. किती वेळा खाली गेले वर आले, मोजलं नाही. होडी नव्हतीच. त्यांनी बाहेर काढलं, छाती दाबत बसले होते, तोंडातून रक्त यायला लागलं त्यांच्याच, एवढे दमले होते. सोडतच नव्हते त्याला."

"मग मला फोनवर का नाही सांगितलंस?"

सार्थक खाली बसला. "व्हिडिओ येईपर्यंत सगळे मला विचारत होते, तू काय करत होतास. व्हिडिओ आल्यावर कुणी विचारेना."

ती त्याला मारेल असं त्याला वाटलं असावं; त्याने खांदे आवळून घेतले होते. सुनेत्रा तशीच स्टेशनवर परत आली.

दीनानाथला तिने जेवायच्या आधी सांगितलं. मूळ व्हिडिओ दाखवला. त्याने पूर्ण पाहिला, दोर फेकेपर्यंत, टाळ्यांपर्यंत. मग फोन उपडा ठेवला.

"आता कशाला हे?"

"म्हणजे?"

"झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला माहीत होतं."

"व्हिडिओचं नव्हतं माहीत." दीनानाथ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "त्याची बायको ओरडत होती तिथे. ह्यानंच उडी मारली तुमच्या पोरापायी, वाचवायला ह्यानंच उडी मारली. ऐकू आलं मला."

"आणि?"

"मला कुणीतरी हवं होतं, सुनेत्रा," तो म्हणाला. "तुलाही हवं होतं."

ते खरं होतं.

तिने दुसऱ्या दिवशी नवा ऑडिओ केला. 'मी सुश्रुतची आई बोलतेय. तो व्हिडिओ पवनेचा नाही. सावळाभाऊंनी माझ्या मुलाला वाचवण्यासाठी उडी मारली होती. मी न तपासता बोलले, माझ्यामुळे एका निर्दोष माणसाला मारलं गेलं. हा संदेश, जिथे जिथे आधीचा गेला तिथे पाठवा.' सोबत मूळ व्हिडिओ जोडला. या वेळी ती रडली नाही, शब्दन् शब्द कळावा म्हणून सावकाश बोलली.

तो कुठेच गेला नाही. नात्यातल्या ग्रुपवर दोघांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. माऊली ग्रुप सोडून गेला. एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, बाईंवर दबाव आलेला दिसतो. दुसऱ्याने लिहिलं, मतांसाठी त्या वस्तीला पाठीशी घालतायत. आणि मग एक लांबलचक संदेश फिरू लागला, तो मात्र खूप फिरला : 'सावधान. सुश्रुतच्या आईच्या नावाने फिरणारा दुसरा ऑडिओ खोटा असून तो एआयने बनवलेला आहे. नीट ऐका. खऱ्या ऑडिओत आई रडते. ह्यात आवाजात भावनाच नाहीत.' तो संदेश तिच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही आला. तिने तिथे लिहिलं, मी स्वतः सुनेत्रा, तो आवाज माझाच आहे. खाली एका पालकाने विचारलं, मॅडम तुमचा फोन हॅक झालाय का?

तेव्हा ती पवनानगरला गेली.

कामशेतला उतरून ती वडापच्या जीपमध्ये बसली. पाऊस आता लागून राहिला होता. तिकोना ढगात होता. पवनानगरहून पुढे वस्तीपर्यंत चालत जायचं होतं. वाटेत भात लावणाऱ्या बायकांनी वर बघितलं आणि पुन्हा वाकल्या. सावळाचं घर विचारलं तेव्हा एका म्हातारीने हात केला आणि पाठ फिरवली.

दारात एक काळीसावळी, काटक बाई सरपण झाकत होती. ती सावळाची बायको, बाया.

"सावळाभाऊ आहेत का?" सुनेत्राने विचारलं.

"कोण तुमी?"

"मी तळेगावहून आले. मला त्यांना भेटायचंय, जरा बोलायचंय."

बायाच्या हातातलं प्लॅस्टिक तसंच राहिलं. तिने सुनेत्राचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिने आवाज ओळखला.

"तुमीच त्या," बाया म्हणाली. "फोनमदल्या."

"हो."

"आमच्या वस्तीतल्या पोरांच्या फोनमंदी वाजत व्हता तुमचा आवाज. माज्या लेकीला साळंतनं येताना पोरी म्हनायच्या, तुजा बाप बघत बसला. ती आता साळंत जात न्हाई." बाया आवाज न चढवता बोलत होती. "कशापायी आलाव?"

आतून आवाज आला, "कोन हाय गं?"

सावळा भिंतीला टेकून जाळ्याचा गुंता सोडवत होता, बोटांनी चाचपत. डावा डोळा मिटलेला होता, पापणी आत बसलेली. वल्ह्याचा दांडा लागला होता. सरकारी दवाखान्यातून पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला होता.

सुनेत्रा जमिनीवर बसली. प्रवासात तिने काय काय जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "माझं चुकलं," ती म्हणाली. "व्हिडिओ खोटा होता. तुम्ही त्याला वाचवायला उडी मारलीत. मला आता कळलंय सगळं. मी माफी मागायला आले."

सावळाने जाळं बाजूला केलं. "माफीचं काय करू मी, बाई?" तो शांतपणे म्हणाला. "माफीनं डोळा येतो का?"

"नाही."

"मंग."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. बाया दारातच उभी होती. तिने पाणी विचारलं नाही, आणि सुनेत्राला ते बरोबर वाटलं.

सावळाच पुढे बोलला. "तुमच्या लेकराला मी वाचवू न्हाई शकलो. तितं खाली जुन्या झाडाची खोडं हायती, धरनाच्या आदीची. त्याचा पाय आडाकला व्हता. दोन बारी हाताला लागला अन् सुटला. मानूस गेल्याला असला की आमी दोर लावून वढतो, जड असतंय. पन त्याला न्हाई लावला दोर. कवळ घालून आनला. कवळं प्वार व्हतं." त्याने आपल्या तळव्यांकडे बघितलं. "गरम व्हता अजून. म्हनून मी दाबत बसलो."

सुनेत्राने पदराने तोंड घट्ट दाबून धरलं. मुलगा गेल्यापासून त्याच्याबद्दलची ही पहिली खरी गोष्ट तिच्या कानावर पडत होती.

"आता मी उतरत न्हाई पान्यात," सावळा म्हणाला. "येका डोळ्यानं खालचं उमगत न्हाई. अन् वस्तीतली पोरंबी उतरत न्हाईत. मागल्या आयतवारी येक पुन्याचा गेला की. पोरं काठाव हुबी व्हती. पोलिसास्नी फोन केला अन् हुबी ऱ्हायली. मी म्हनलं, जा की रं. तर म्हनली, आबा, काडला तरी मार, न्हाई काडला तरी मार. कशाला हात लावायचा?"

सुनेत्राने तोंडावरचा पदर खाली केला.

"मला येक इचारायचंय तुमाला," सावळा म्हणाला. "तुमची मान्सं आली तवा सारकी म्हनत व्हती, का बघत बसलास, का बघत बसलास. मी म्हनलं, मी बघत न्हाई बसलो. कोन ऐकतंय. पर तेंच्यात येक जन मागं हुबा व्हता. चष्मेवाला. त्यानं हात न्हाई लावला. नुसता बघत व्हता. मी त्याच्याकडं बघून हात जोडले, म्हनलं ह्यो मोठा मानूस दिसतोय, ह्यो थांबवल. त्यो कोन?"

"माझा नवरा," सुनेत्रा म्हणाली. "सुश्रुतचे वडील."

सावळाने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "मला वाटलंच," तो म्हणाला.

तेव्हा बाया आत आली आणि सुनेत्राच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "हवालदार म्हनतो, नावं सांगा. आमाला कुटली नावं म्हाईत? जीप आली, मारलं, गेली. कागदाव लिवलंय, आनोळखी." तिने सुनेत्राच्या डोळ्यांत बघितलं. "तुमाला म्हाईत हायती नावं."

"आहेत."

"मंग माफी ऱ्हाऊंद्या. नावं द्या."

पोलीस चौकीपर्यंत बाया तिच्याबरोबर आली. दोघी एकाच छत्रीखाली चालल्या नाहीत. बाया पुढे, सुनेत्रा मागे छत्री घेऊन. हवालदाराने खुर्ची दिली आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. सुनेत्राने माऊलीचं नाव सांगितलं, जीपचा नंबर सांगितला, कॉलेजच्या ज्या मुलांना ती ओळखत होती त्यांची नावं सांगितली. आपल्या ऑडिओचंही सांगितलं आणि फोन काढून त्याच्यापुढे ठेवला.

"आणखी कोण होतं?"

"दीनानाथ."

"हे तुमचे कोण?"

तिने सांगितलं. हवालदाराचं पेन थांबलं. "मॅडम, विचार करून सांगा. तुमच्या घरात आधीच दुःख झालंय."

"लिहा," सुनेत्रा म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. दीनानाथ बाहेरच्या खोलीत बसला होता. चौकीतून माऊलीला फोन गेला असावा, आणि माऊलीचा त्याला. तो ओरडेल, अशी तिने सगळ्या वाटेत तयारी केली होती.

"कधी यायला सांगितलंय?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

"बरं."

ती आत जाऊ लागली तेव्हा तो म्हणाला, "तो काही बोलला? सुश्रुतबद्दल?"

सुनेत्रा थांबली. सांगू नये असं तिला वाटलं. हे ऐकायचा हक्क त्याने त्या काठावरच गमावला होता, हात जोडलेल्या माणसासमोर. पण तिने स्वतः तरी तो कुठे राखला होता? ती त्याच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. खोडात अडकलेला पाय, हाताला लागून दोनदा सुटला ते, दोर न लावता कवेत घेऊन आणलं ते. अंग गरम होतं ते. दीनानाथ ऐकत होता. मध्येच त्याने चष्मा काढला आणि मुठीत धरून ठेवला.

सकाळी चौकीत सावळा आणि बाया आधीच येऊन बाकावर बसले होते. दीनानाथ दारातच थबकला. हवालदाराने सावळाला विचारलं, "हेच का?"

सावळाने मान वळवली, चांगला डोळा समोर येईल अशी. "व्हय. पर ह्यानं मारलं न्हाई."

"मग काय केलं?"

सावळाने दीनानाथकडे बघितलं. बायानेही. दीनानाथ टेबलाशी आला, दोन्ही हात त्यावर टेकले.

"मी थांबवू शकत होतो," तो म्हणाला. "लिहा. मी ऐकलं सगळं आणि थांबवलं नाही."

माऊलीला त्याच दिवशी उचललं. नंतर सगळे जामिनावर सुटले. खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. दीनानाथच्या भावकीने त्याच्याशी आणि सुनेत्राशी बोलणं टाकलं. गणपतीला त्यांच्याकडे कुणी आलं नाही. सावळा एका तंबूवाल्याकडे राखणीला जातो. त्याची मुलगी शाळेत परत गेली की नाही ते सुनेत्राने एकदा बायाला विचारलं होतं. बायाने नुसती नकारार्थी मान हलवली.